रिकामा न झालेला प्रोसेसर

दिवा विझलेला होता, असे साहेब म्हणतात. तो विझलेला नव्हता, झाकलेला होता. एवढी साधी गोष्ट सांगायला मला चौकशीच्या खोलीत घाम फुटला, आणि सांगूनही कोणी ऐकले नाही. आता कोणी अडवणार नाही म्हणून लिहायला बसलो आहे. राग आवरून लिहायचे ठरवले आहे, पण ते जमेल असे वाटत नाही.

माझी सून रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात संगणक सांभाळते. शहरात कोणी जिन्यावरून पडले, कोणाच्या छातीत कळ आली, की फोन इथे येतो. मोठ्या काचेच्या एका बाजूला फोन घेणाऱ्या मुली बसतात. दुसऱ्या बाजूला थंडगार खोलीत कपाटाएवढा संगणक उभा असतो. फोन कोणत्या मुलीकडे वळवायचा, कोणती गाडी सर्वांत जवळ आहे, हे तो पाहतो. तो कधीही बंद करायचा नसतो, दुरुस्तीसाठीसुद्धा नाही.

मग बिघडला तर काय करता, असे ती घरात नवी असताना मी तिला विचारले होते. माझे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले. यंत्रांचे मला फारसे कळत नाही आणि विचारायचीही लाज वाटते. पण तिने पोस्टाचे उदाहरण दिले आणि मला ते कळले, निदान कळल्यासारखे वाटले. त्या कपाटात एकाखाली एक कार्डे बसवलेली असतात. प्रत्येक कार्डावर एक प्रोसेसर, म्हणजे पोस्टातल्या खिडकीमागचा एक कारकून. एखादा कारकून आजारी पडला, त्याला उठवायचे आहे, पण पोस्ट तर चालू ठेवायचे आहे. अशा वेळी काय करतात? त्याच्या खिडकीपुढे नवी माणसे उभी राहू देत नाहीत. उभी असतील त्यांना शेजारच्या खिडक्यांवर पाठवतात. त्याच्या हातातले अर्धवट काम दुसऱ्याच्या हातात देतात. तो पूर्ण रिकामा झाला की मग त्याला उठवतात. नवा कारकून आणतानाही तसेच. आधी त्याला खुर्चीवर बसवायचे, पोस्टाची घडी समजावून द्यायची आणि मग त्याच्यापुढे रांग लावायची. ही सगळी हलवाहलव ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकातला पोस्टमास्तर, करते. मात्र तिला तसे सांगावे लागते, आणि ती "झाले" म्हणेपर्यंत धीर धरावा लागतो.

"आणि नाही धरला तर?" मी विचारले.

"तर बाबा, तुमचं पार्सल हातात असलेल्या कारकुनालाच कोणी बखोट धरून उचललं, असं होतं. तेवढी खिडकी नाही, अख्खं पोस्ट बंद पडतं."

कार्डावर एक हिरवा दिवा असतो. प्रोसेसर कामात असेल तर दिवा स्थिर जळतो, रिकामा होत असेल तर लुकलुकतो, रिकामा झाला की विझतो. विझल्यावरच कार्डाच्या मुठीला हात लावायचा. त्या खोलीत आणखी एक रीत आहे आणि ती कुठे लिहिलेली नाही. ज्याने रिकामा केला, त्यानेच ओढायचा. एकाने कळफलकावर बसायचे आणि दुसऱ्याने कपाटाशी उभे राहायचे, हे चालत नाही, कारण एक "झालं का?" विचारतो, दुसरा भलत्याच गोष्टीला "हो" म्हणतो आणि घात होतो. ती हे काम करत असताना तिच्याशी कोणी बोलतसुद्धा नाही. घरीही तिचे तसेच आहे. तिने गॅसवर ठेवलेले दूध तीच उतरवणार. मी मदत म्हणून एकदा उतरवले, तर दोन दिवस मला चहा जरा पाणचट मिळाला.

तर झाले असे, की त्या संगणकातला एक प्रोसेसर चुका करायला लागला. चुका तो आपल्या आपण निस्तरत होता, पण त्यांचे प्रमाण वाढत चालले होते. तो काढून टाकायला हवा होता. फोन सर्वांत कमी येतात अशा पहाटेच्या वेळी जाऊन काढायचा, असे सुनेने ठरवले होते. हे साहेबांच्या कानावर गेले.

साहेब म्हणजे त्या केंद्राचे प्रमुख. माणूस बोलायला गोड. शिव्या दिल्या तरी साखरेत घोळून देतील. त्याच आठवड्यात बाहेरून पाहुणे केंद्र पाहायला येणार होते. चालत्या यंत्रातून प्रोसेसर काढून दाखवला आणि तरी एकही फोन अडला नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहावे, असे साहेबांच्या मनाने घेतले. दुपारची वेळ ठरवली. सुनेने सांगून पाहिले, की दुपारी फोनची झुंबड असते. त्यावर साहेब म्हणाले, झुंबड आहे म्हणून तर मजा. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलावले होते. मुलगा कामासाठी परगावी होता, म्हणून मी गेलो. निघताना ती म्हणाली, "बाबा, यंत्राचं मला काही वाटत नाही. ते निदान ऐकून घेतं."

खोलीत मी भिंतीला पाठ लावून, आपल्यामुळे कोणाला अडचण होऊ नये असा उभा होतो. सून कळफलकाशी बसली होती. तिची पाठ कपाटाकडे होती. कार्ड आपण स्वतः ओढणार, असे साहेबांनी आयत्या वेळी सांगितले. फोटोसाठी. ती म्हणाली, आमच्याकडे तसं करत नाहीत. साहेब हसले आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, आमच्या या फार शिस्तीच्या आहेत. पाहुणेही हसले. सर्वांसमोर कोणाला असे गोड बोलून खाली बसवले, की त्या माणसाने करायचे तरी काय?

मग फोटोवाल्याने कुरकुर केली. हिरव्या दिव्यांच्या ओळीमुळे त्याच्या कॅमेऱ्यात चांदण्या पडत होत्या. साहेब म्हणाले, "झाका की मग." फोटोवाल्याने पिशवीतून काळी चिकटपट्टी काढली आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या दिव्यांवरून एक लांब पट्टी ओढली. मी एक पाऊल पुढे झालो आणि म्हणालो, "अहो, तो दिवा..." तो म्हणाला, "काका, जरा मागे. फ्रेममध्ये येताय."

मी मागे झालो.

सुनेने सिस्टीमला हुकूम दिला. पडद्यावर त्या प्रोसेसरची कामे एकेक करून दुसरीकडे जाताना दिसत होती. एक काम मात्र जाईना. ते त्याच प्रोसेसरला बांधून ठेवलेले होते, आलेला फोन मुलींच्या टेबलावर वाजवण्याचे. ते हाताने सोडवून दुसरीकडे न्यावे लागणार होते. मान न वळवता, मला नीट ऐकू येईल अशा आवाजात ती म्हणाली, "अजून नाही हं. एक काम अडकलंय."

साहेबांचा हात मुठीवर होता आणि तोंड कॅमेऱ्याकडे. फोटोवाला म्हणाला, "सर, असंच राहा. आता ओढा."

साहेबांनी कार्ड ओढले.

फोन बंद पडले म्हणजे शांतता होते, असे मला वाटत असे. तसे होत नाही. काचेपलीकडून एकदम सगळ्या मुलींचे "हॅलो, हॅलो" सुरू झाले. कोणी उभी राहून, कोणी कानावरचा संच दाबून धरून, तुटलेल्या माणसांना हाका मारत होती. एका पाहुण्याला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्याने टाळ्या वाजवल्या.

साहेब पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. फोटोवाल्याने पट्टी उपटली, गोळा करून खिशात घातली आणि तोही त्यांच्यामागे गेला.  त्या कार्डाशिवाय सुनेने संगणक पुन्हा सुरू केला. त्याला उठायला बराच वेळ लागला. एवढ्या मोठ्या यंत्राला लागतोच. तो उठताच ती काच ओलांडून पलीकडे गेली आणि मुलींबरोबर बसून, मधल्या वेळात तुटलेल्या एकेका नंबराला उलटा फोन करत राहिली. एका बाईने वाट पाहून नवऱ्याला शेजाऱ्याच्या टेम्पोत घातले होते. तो वाचला. त्या दिवशी कोणीही गेले नाही, पण ते नशीब. त्यात आमच्यापैकी कोणाचे कर्तृत्व नव्हते.

पुढच्या आठवड्यात नोटीस आली ती सुनेवर. प्रोसेसर रिकामा झाल्याची खात्री न करता त्यांनी तो काढू दिला, असे त्यात लिहिले होते. आणि घटनेनंतर त्या आपल्या जागी आढळल्या नाहीत. ते वाक्य वाचले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी उभ्या आयुष्यात कितीदा तपासली असेन, ती घरात येऊन बसेल असे वाटले नव्हते. साहेब चहा पाजत होते म्हणून ते जागेवर. ही तुटलेले फोन जोडत होती म्हणून ही गैरहजर.

दोष सिद्ध झाला तर तिला यंत्राच्या खोलीतून काढून सामानाच्या कोठारावर बसवणार होते. आणि असला शेरा पडलेल्या माणसाला दुसरे कोणतेही केंद्र आपल्या संगणकाजवळ फिरकू देत नाही. ज्या कामासाठी ती पहाटे आनंदाने उठते, ते तिला परत कधी करता आले नसते. बाकी कशाचे तिला काही नव्हते.

मुलाने फोनवर सांगितले, की वाद वाढवू नको, चूक झाली म्हण आणि मोकळी हो. भाजी करपतेय, असे सांगून तिने फोन ठेवला. भाजी अजून चिरलीही नव्हती.

तिच्याबरोबर काम करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. ते त्या दिवशी माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी लिहून दिले, की आपण त्या वेळी खालच्या मजल्यावर होतो. मला जिन्यात भेटले तेव्हा माझ्याकडे न बघता, "काका, समजून घ्या," एवढे म्हणाले. मी घरी येऊन त्यांच्याबद्दल नको ते बोललो. सून म्हणाली, "मनाने ते खालीच होते, बाबा. फक्त डोळे वर राहिले होते."

चौकशीला सोबत एक जण नेता येत होता. बोलायला दुसरे कोणी तयार नव्हते, म्हणून तिने मला नेले. चौकशी करणाऱ्या बाई मुख्य कचेरीतून आल्या होत्या. समोर साहेब. मी आदल्या दिवशी सगळी वाक्ये पाठ केली होती, तिथे गेल्यावर तोंडातून पहिले वाक्य निघाले ते असे, "माझं चुकत असेल, पण त्या दिव्यांवर पट्टी होती."

"चुकत असेल म्हणता?" बाईंनी विचारले. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी ऐकलेला शब्द तेवढा उचलला.

साहेब म्हणाले, "मॅडम, सासरे सुनेच्या बाजूने बोलतायत. घर सुखी आहे, आणखी काय हवं?"

बाई हसल्या. बाजूला बसलेला लिहून घेणारा माणूसही हसला. माझे कान तापले. पट्टी कोणत्या रंगाची होती, असे बाईंनी विचारले. काळी, मी म्हणालो, आणि माझ्या कपाळी लागलेल्या सवयीने पुढे "बहुधा" जोडले. संपले. त्यांनी पेन खाली ठेवले. साहेबांनी त्या दुपारपासून जे जे सांगितले त्यात एकदाही "बहुधा" नव्हते. खोटे बोलणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. ज्याने खरे पाहिले आहे तोच चाचपडत बसतो, आणि जगाला चाचपडणारा माणूस संशयास्पद वाटतो. माझा हा राग साहेबांवर जेवढा होता तेवढाच माझ्यावर होता.

मग साहेबांनी त्यांचा पुरावा काढला. तोच फोटो, मोठा करून आणलेला. साहेबांचा हात मुठीवर, चेहऱ्यावर हसू, आणि कार्डावरचा दिवा काळा. "मी दिवा विझलेला पाहिला आणि ओढलं," ते म्हणाले. "फोटो काही कोणाचा सासरा नाही."

सुनेने तो फोटो पहिल्यांदाच पाहिला. तिने तो मागून घेतला, टेबलावर नीट सरळ ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटले, आता हिचाही धीर सुटला.

"सर, तुम्ही ओढताय त्या कार्डाचा दिवा कुठला?" तिने विचारले.

साहेबांनी बोट ठेवले.

"विझलेला आहे ना?"

"तेच तर सांगतोय."

"आणि त्याच्या वरचा?"

साहेबांचे बोट जिथल्या तिथे राहिले. बाई पुढे वाकल्या.

"त्याच्या वरचाही विझलेला आहे," सून म्हणाली. "खालचाही. त्याच्या खालचाही. या फोटोत एकही दिवा जळत नाही. दिवा विझला म्हणजे प्रोसेसर रिकामा, असं असेल तर सगळेच रिकामे होते. संगणकात काम करायला कोणी उरलंच नव्हतं." मग तिने फोटोच्या कडेला बोट नेले. तिथे काचेपलीकडे कानाला संच लावलेल्या मुली दिसत होत्या, वरच्या फलकावर आलेल्या फोनची रांग उजळलेली होती. "मग या फोन कसे घेतायत, मॅडम?"

बाईंनी चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि दिव्यांच्या ओळीवरून नख फिरवले. पट्टीची कड एका जागी थोडी उचललेली दिसत होती. त्यांनी फोटो साहेबांपुढे सरकवला.

फोटोवाल्याने लावली असेल, आपले लक्ष नव्हते, असे साहेब म्हणाले. काही क्षणांपूर्वी याच माणसाचे दिव्याकडे एवढे लक्ष होते, की तो विझलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मला हे बोलायचे होते. शब्द तोंडापर्यंत आले आणि परत गेले.

यानंतर बाईंनी लगेच मार्ग काढला. अशा माणसांना तो काढायचा सरावच असतो. घटनेला समन्वयाचा अभाव कारणीभूत होता. संबंधित कर्मचाऱ्याची आजवरची चांगली सेवा लक्षात घेऊन त्यांना समज देऊन माफ करण्यात येत आहे. लिहून घेणारा भराभर लिहू लागला. साहेबांनी खुर्चीत अंग सैल सोडले. मलाही सुटल्यासारखे वाटले. मी पिशवी उचलून उभासुद्धा राहिलो.

सून उठली नाही.

"माफ कोणाला केलं, मॅडम?"

"तुम्हालाच. नोटीस मागे घेतोय आम्ही."

"मी माफी मागितलेली नाही."

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, की विषय मिटतोय तर मिटू द्यावा, शेवटी आपण सगळे एका घरातली माणसं. तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ती बाईंना म्हणाली, की असा कागद झाला तर तिच्या नावापुढे चूक राहते आणि वर उपकार राहतो. उद्या कोणी विचारले तर लोक म्हणणार, हीच ती, मागे हिला माफ केले होते. तिला तीन वाक्ये हवी होती. प्रोसेसर रिकामा झालेला नव्हता. आपण "अजून नाही" असे मोठ्याने सांगितले होते. सरांनी कार्ड ओढले.

बाई म्हणाल्या, अहवालात अशी भाषा नसते. समन्वयाचा अभाव म्हटले की त्यात सगळे आले.

"समन्वयाने कार्ड ओढलं नाही, मॅडम," ती म्हणाली. "हाताने ओढलं. फोटोत दिसतोय तो."

मी पिशवी खाली ठेवली आणि परत बसलो. त्या सबंध दुपारी मी केलेली धीटपणाची गोष्ट कोणती, असे विचाराल तर ती एवढीच.

बाईंनी साहेबांकडे पाहिले. साहेबांच्या बोलण्यातली साखर पहिल्यांदाच विरघळेना. "मी ओढलं हे खरं," ते म्हणाले, "पण..."

"एवढंच लिहा," सून लिहून घेणाऱ्याला म्हणाली. "'पण'च्या पुढचं सरांनी त्यांच्या कागदावर लिहावं."

त्या माणसाने बाईंकडे पाहिले. बाईंनी मान हलवली. त्याने आधीच्या ओळी खोडल्या आणि तिची तीन वाक्ये लिहिली. जागेवर नव्हत्या या मुद्द्याचे काय लिहू, असे त्याने विचारले.

"ज्यांचे फोन तुटले त्यांना फोन करत होते," ती म्हणाली. आतापर्यंत न चढलेला तिचा आवाज इथे चढला. "त्यांचं काय झालं, हे या खोलीत अजून कोणी विचारलेलं नाही."

 लिहिणाऱ्याने हे लिहायचे की नाही, ते विचारले नाही. त्याने लिहिले, आणि बाईंनी सही केली.

बाहेर आल्यावर साहेब आमच्या मागून आले. चेहरा पुन्हा गोड झाला होता. नवे कार्ड आले आहे, ते कधी बसवणार, असे त्यांनी विचारले. पाहुण्यांचे पाहणे अर्धवट राहिले होते. बसवताना तरी त्यांना दाखवता आले असते.

"पहाटे बसवणार," सून म्हणाली. "मी एकटी."

आम्ही जिना उतरलो. ती एवढ्या तरातरा चालत होती, की मला धाप लागली. चला, सुटलो एकदाचे, असे मी मागून म्हणालो. ती थांबली, वळली, आणि माझ्यावरही तितकीच चिडलेली दिसली.

"सुटायला मी काही केलं होतं का, बाबा?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी त्याला पुढे काही जोडले नाही.